मोनोहायड्रेट सोडून बाकी सगळं क्रिएटिन म्हणजे लेबलाचे पैसे

तापीकाठ (भुसावळ)

आमच्या जिममध्ये रावेरकडचा एक पोरगा येतो. वय १९, अंगाने काटक, सुट्टीत केळीचे घड वाहून स्वतःचे पैसे कमावतो. परवा त्याने बॅगेतून क्रिएटिनचा डबा काढला, ताकद वाढवायला जिमवाले घेतात ती पूड. क्रिएटिन हायड्रोक्लोराइड, म्हणजे ज्याला सगळे एचसीएल म्हणतात ते. ६० ग्रॅमचे १२०० रुपये. विकणाऱ्याने त्याला पढवून ठेवलेलं: मोनोहायड्रेट (क्रिएटिनचा सगळ्यात साधा प्रकार) जुना माल, अंगात पाणी धरतो, तोंड सुजतं, याचा एक ग्रॅम त्याच्या पाच ग्रॅमच्या बरोबरीचा. पोरगा खूश. मला राहवलं नाही म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच की साधं, बिनचवीचं मोनोहायड्रेट घ्या आणि बाकीच्या डब्यांकडे ढुंकूनही बघू नका.

आता हिशेब. क्रिएटिन सगळीकडे तेच, सोबतीला काय चिकटवलंय एवढाच फरक. मोनोहायड्रेटमध्ये पाण्याचा एक रेणू असतो, म्हणून १०० ग्रॅममध्ये साधारण ८८ ग्रॅम खरं क्रिएटिन. एचसीएलमध्ये त्या जागी हायड्रोक्लोरिक आम्ल, ते पाण्याहून जड, म्हणून १०० ग्रॅममध्ये ७८ च्या आसपास. म्हणजे ज्याला 'कडक' म्हणून विकतात त्यातच ऐवज कमी! माझा २५० ग्रॅमचा डबा ८०० ला पडला. रोज ३ ग्रॅम धरले तर ८३ दिवस जातो, दिवसाला दहा रुपयांच्या आत. तेवढंच क्रिएटिन त्या पोराला एचसीएलमधून घ्यायचं तर रोज ३.४ ग्रॅम लागेल. डबा अठरा दिवसांत खडखडाट, रोजचे ६७ रुपये.

एचसीएल पाण्यात जास्त विरघळतं, हे मान्य. मोनोहायड्रेटच्या ३८ पट, असं मोजलेलंही आहे. पण मोनोहायड्रेट तसंही आतड्यातून जवळजवळ सगळं शोषलं जातं. जे सगळंच आत जातंय ते आणखी किती आत घालणार?

बोला आता.

बट्टीबहाद्दर (जळगाव)

काय सांगी राहिना भो! हिशेब कागदावर बरोबर शे, पण पोट कागदाचं नसतं.

मी मोनोहायड्रेटचं लोडिंग, म्हणजे साठा लवकर भरायला सुरुवातीचे काही दिवस मोठा डोस, केलेलं आहे. रोज २० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी स्क्वॉट जिममध्ये कमी आणि संडासात जास्त झाले. शिवाय शेकरच्या तळाशी ती रेती, शेवटचा घोट दातांत करकर वाजतो. मग एचसीएलवर आलो. दोन ग्रॅम, ग्लासभर पाण्यात, घोळलं की गायब. चार महिने झाले, पोट कुरकुरलं नाही आणि डेडलिफ्ट १४० वरून १६० वर गेली. आता तू म्हणशील लेबलाचे पैसे. मी म्हणतो पोटाच्या शांतीचे. ज्याला साधी रिक्षा परवडते त्याने रिक्षाने जावं, आमच्या गाडीला नावं कशाला?

तापीकाठ

२० ग्रॅम कसे घ्यायचास?

बट्टीबहाद्दर

दुकान उघडण्याआधी १०, बंद केल्यावर १०.

तापीकाठ

तिथेच मेख आहे. फुटबॉल खेळणाऱ्यांवर हे तपासून झालंय. एका दमात १० ग्रॅम घेणाऱ्यांना जुलाब जास्त झाले, तेच ५-५ करून दोनदा घेणाऱ्यांना कमी. भरीत छान लागतं म्हणून कोणी दोन किलो वांगी एका बैठकीत संपवली तर दोष वांग्याला देतोस का?

आणि लोडिंग करायला सांगितलं कोणी? १९९६ मध्येच दाखवून झालंय की २० ग्रॅमने सहा दिवस भरा नाहीतर ३ ग्रॅमने २८ दिवस भरा, स्नायूतला साठा शेवटी सारखाच होतो. घाई असेल त्याने पहिला रस्ता घ्यावा. १४० चे १६० झाले त्याबद्दल अभिनंदन, पण त्या चार महिन्यांत नुसता डबा बदललास की जिमचे दिवसही वाढले?

बट्टीबहाद्दर

दिवसही वाढले. ते सोड.

जुना_आखाडा (चोपडा)

पोरांनो, तुम्ही कोणता डबा यावर भांडताय, मला डबाच नको. आमच्या तालमीत पहाटे पाचशे जोर, हजार बैठका, मग बदाम घोटायचे, दूध, तूप, कळण्याची भाकरी. यात्रेच्या दंगलीत रेवडीच्या कुस्तीपासून सुरुवात करून शेवटच्या इनामापर्यंत पोचलेले गडी मी पाहिलेत. कोणी पांढरी पूड खाल्ली नव्हती.

बरं, नुसता जुन्या काळाचा गळा काढत नाही. माझा भाचा ६१ किलोच्या गटात खेळतो. तुमचं हे मोनोहायड्रेट सुरू केलं आणि आठवड्यात दीड किलो चढलं. स्पर्धेच्या आदल्या रात्री स्वेटर घालून पळत होता, पाण्याचा घोट नाही. सकाळी काटा कसाबसा जमला, पण पहिल्याच कुस्तीत पाय लटपटले. ही ताकद म्हणायची? पाणी न धरणारा प्रकार असेल तर सांगा, नाहीतर डबे झाका.

तापीकाठ

वस्ताद, रामराम. तुमच्या भाच्याचं झालं ते अगदी खरं आहे. मी ते खोडून काढणार नाही. पहिल्या आठवड्यात किलो-दोन किलो वाढतं आणि ते बहुतेक पाणीच असतं. वजनाच्या गटात खेळणाऱ्याने स्पर्धा तोंडावर असताना सुरूच करू नये. लोडिंग तर नाहीच. मोसम संपला की रोज ३ ग्रॅमने हळू सुरू करावं, म्हणजे वजन कुठे स्थिरावतं ते आधीच कळतं.

पण पाणी न धरणारा प्रकार मागू नका, तो दाखवणारा तुम्हाला फसवेल. हे पाणी स्नायूच्या आत जातं. क्रिएटिन पेशीत शिरतं ते पाणी ओढूनच. एचसीएलने वजन वाढलं नाही असं सांगणाऱ्याचा डोस बघा, बहुतेक वेळा तो एक-दीड ग्रॅमच असतो.

दुधाबद्दलही थोडं बोलतो, रागावू नका. दूध-तूप उत्तमच, पण दुधात क्रिएटिन नावालाच असतं. ते असतं मांसात आणि मासळीत. किलोभर कच्च्या मटणात चार-पाच ग्रॅम. म्हणजे ३ ग्रॅमसाठी रोज अर्ध्या किलोहून जास्त मटण. माळकरी घरातल्या पोराने काय करायचं? शरीर स्वतः दिवसाला साधारण एक ग्रॅम बनवतं, त्यावर भागतं, पण शाकाहारी माणसाच्या स्नायूत साठा कमीच राहतो. म्हणून फरकही त्यालाच जास्त दिसतो. आणि तुमच्या कुस्तीत जो एकदम ढाक मारायचा, समोरच्याला उचलून टाकायचा, क्षण असतो, पाच-सात सेकंदांचा, तिथे स्नायू याच साठ्यावर चालतो. दमसासाची कुस्ती वेगळी, ती तुमच्या बैठकांनीच येते.

जुना_आखाडा

ढाक मारायला साठा लागत नाही, वेळ कळावी लागते. बाकी मोसमानंतरचं बघू.

डबलचहा (पाचोरा)

माझी शंका छोटी आहे. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश. आमची जिम पत्र्याची. कपाटातल्या डब्यात क्रिएटिन राहतं की त्याचं उकडून वेगळंच काही होतं?

औषधवाला (चाळीसगाव)

काउंटरवर बसतो म्हणून यावर बोलतो. कोरडी मोनोहायड्रेट पूड फार चिवट. ४० अंशांवर तीन वर्षांहून जास्त ठेवून पाहिलीय, बिघडलेली नाही. तुमच्या पत्र्याखाली दोन महिने तिला काही होत नाही, फक्त दमट हाताने चमचा घालू नका, गोळे होतात.

पाण्यात घोळलं की मात्र गोष्ट बदलते. तिथे क्रिएटिनचं हळूहळू क्रिएटिनिन होतं, आणि ते निकामी. पाणी जितकं आंबट तितकं लवकर. २५ अंशांत तीन दिवस ठेवलं तर सामू (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ५.५ असताना ४ टक्के जातं, ३.५ असताना २१ टक्के. म्हणून लिंबूपाण्यात घोळून बाटली गाडीच्या डिकीत टाकून हिंडू नका. घोळलं की पिऊन टाका. कोमट पाणी घेतलं तर ती रेतीही राहत नाही, बट्टीबहाद्दर यांची अर्धी तक्रार तिथेच मिटते.

याच क्रिएटिनिनची भीती दाखवून 'बफर्ड' प्रकार विकतात. म्हणे पोटातल्या आम्लात साधं क्रिएटिन मरतं, आमचं अल्कधर्मी, ते वाचतं. गंमत अशी की पोटाइतकं तीव्र आम्ल असलं की हे रूपांतर उलट थंडावतं. २०१२ मध्ये ३६ तयार लिफ्टर घेऊन बफर्ड आणि मोनोहायड्रेट समोरासमोर ठेवले. ताकदीत फरक नाही, स्नायूतल्या साठ्यात फरक नाही. इथाइल एस्टर या आणखी एका प्रकाराची तर २००९ मध्येच शोभा झाली: रक्तात क्रिएटिनिन वाढलं आणि मोनोहायड्रेटवर सरशी कशातच नाही. पैसे देऊन कचराच विकत घेतला म्हणायचा.

इथपर्यंत मी तापीकाठ यांच्या बाजूचा. पण 'साधं घ्या, स्वस्त घ्या' हा सूर मला खटकतो. आमच्या भागात सुटी पूड पिशवीत भरून विकताना मी पाहिलंय. पिशवीवर ना बॅच नंबर, ना तारीख, ना एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी परवाना. असल्या मोनोहायड्रेटपेक्षा बट्टीबहाद्दर यांचं सीलबंद एचसीएल शंभर पटीने बरं. आधी माल खरा आहे का ते बघा, प्रकार नंतर.

अजून एक, ही रोजची कटकट. क्रिएटिन घेणारा पोरगा रक्त तपासतो, क्रिएटिनिन १.४ येतं, घरात रडारड की किडनी गेली. नावात एका 'नि'चा फरक, त्याने घरं हादरतात. क्रिएटिन घेतलं, अंगात स्नायू भरपूर असले, तर हा आकडा किडनी धडधाकट असूनही थोडा वर जातो. डॉक्टरांना डबा घेतोय हे आधीच सांगा, सिस्टॅटिन सी नावाची किडनीचीच दुसरी तपासणी आहे ती करून घेता येते. ज्याला आधीच किडनीचा आजार आहे त्याने मात्र या धाग्यावरून काही ठरवू नये.

बट्टीबहाद्दर

मला साक्षीला काढल्याबद्दल आभार. केसांचं काय? आमच्याकडे आजोबांपासून टक्कल आहे, म्हणून विचारतो.

औषधवाला

ती सगळी हाकाटी २००९ च्या एका अभ्यासावरून. दक्षिण आफ्रिकेतले २० रग्बी खेळाडू, त्यांच्यात डीएचटी हे टक्कल पडण्याशी जोडलं जाणारं संप्रेरक वाढलेलं दिसलं. डोक्यावरचे केस कोणी मोजलेच नव्हते. तुमच्या बाबतीत मी आजोबांकडे बोट दाखवेन.

पांझरेकाठची (धुळे)

सगळी चर्चा बेंच आणि डेडलिफ्टची चाललीय. मी पोलीस भरतीची तयारी करते. आमच्या मैदानीत ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि ४ किलोच्या गोळ्याला १५. मी शाकाहारी, वजन ५२. गोळा जात नाही, ही अडचण. अकॅडमीतल्या एका दादांनी क्रिएटिनच्या गमी आणून दिल्या, लेमनच्या गोळीसारख्या, दिवसाला दोन खा म्हणाले. डब्यावर लिहिलंय एका गमीत एक ग्रॅम.

तापीकाठ दादा, तुमच्या हिशेबाने मी शाकाहारी म्हणून मला फायदा जास्त. वस्तादांच्या हिशेबाने दीड किलो वाढलं तर ८०० मध्ये मीच मेले. मी कोणाचं ऐकू?

तापीकाठ

ताई, आधी गमी बंद. दोन गमी म्हणजे लेबल खरं धरलं तरी दोनच ग्रॅम. आणि गमींची तपासणी झाली तेव्हा बऱ्याच नमुन्यांत लिहिल्याच्या मानाने फारच कमी क्रिएटिन निघालेलं आहे. तुम्ही साखर खाताय.

गोळा आणि १०० मीटर ही दोन्ही कामं काही सेकंदांची, तिथे क्रिएटिन नक्की उपयोगी, तुमचे ३० गुण तिथेच आहेत. मी तर म्हणेन आजच सुरू करा.

जुना_आखाडा

आजच नको. पोरी, मैदानी कधी आहे?

पांझरेकाठची

तारीख आलेली नाही वस्ताद. दोन-अडीच महिने मिळतील असं सगळे म्हणतात.

जुना_आखाडा

मग माझं ऐक, यांचंही थोडं ऐक. आठ दिवस रोज ८०० पळ आणि वेळ वहीत लिही, वजनही लिही. त्यानंतर तुझं ते तीन ग्रॅम सुरू कर. महिन्याने वही उघड. ८०० मध्ये जास्त सेकंद लागायला लागले आणि गोळा तिथेच असला तर डबा बंद. गोळा पुढे गेला आणि पळण्यात फरक नसला तर चालू ठेव. आणि गोळा नुसत्या हाताने फेकत असशील तर कोणतीच पूड कामाची नाही, ढकल पायातून आणि कमरेतून यायला हवी. अकॅडमीत कोणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांग.

तापीकाठ

वस्ताद, तुम्ही तर डबाच नको म्हणत होतात.

जुना_आखाडा

माझ्यासाठी नको. ती शाकाहारी आहे, तूच म्हणालास.

औषधवाला

वही ठेवा हे उत्तम. एकच जोड: भरतीत खेळाडू कोट्यातून जात असाल तर जाणून ठेवा, क्रिएटिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाही. पण भेसळीच्या डब्यात दुसरं काही निघालं तर जबाबदार खेळाडूच. म्हणून पुन्हा तेच, सील आणि परवाना बघून घ्या.

पांझरेकाठची

कोट्यातून नाही, ओपनमधून. गमी मैत्रिणीच्या लहान भावाला द्यायच्या विचारात होते, आता त्याही टाकून देते. मोनोहायड्रेटचा १०० ग्रॅमचा डबा मिळतो का धुळ्यात? अडीचशेचा घेऊन बंद करावा लागला तर पैसे अंगावर पडतील.

डबलचहा

मिळतो ताई, शंभराचाही असतो. नाही मिळाला तर अर्धा मी घेतो, माझ्या पत्र्याखाली टिकतो असं आत्ताच कळलं.

बट्टीबहाद्दर

चला, माझ्या बाजूने कोणीच उरलं नाही वाटतं. हरकत नाही. माझे अजून ४० ग्रॅम शिल्लक आहेत, ते संपेपर्यंत मी एचसीएलवालाच. मग ५-५ ग्रॅम नाही, तीनच ग्रॅम, कोमट पाण्यात, एकदा करून बघतो. पोट बिघडलं तर याच धाग्यावर येऊन शिव्या देईन. तापीकाठ, त्या रावेरच्या पोराचं काय झालं पण?

तापीकाठ

डबा परत करायला काल त्याच्यासोबत गेलो होतो. सील फोडलंय म्हणून घेत नाही म्हणाला.

बट्टीबहाद्दर

पोराला पाठव माझ्याकडे. निम्म्या किमतीत मी घेतो, आपल्याला चालतंच आहे.