पदवी की सराव?

भाचीला इलस्ट्रेटर व्हायचंय, तर पणजीतल्या आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात जायलाच हवं का, असं एकांनी विचारलंय. जायला हरकत नाही. तिथे उपयोजित कला (जाहिराती, पुस्तकं अशा कामांसाठीची चित्रकला) शिकता येते, मुख्य म्हणजे रोज चित्रं काढणारी मुलं आजूबाजूला असतात. पण पदवी बघून काम कुणी देत नाही. आपले लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा इतिहासाचे पदवीधर, आणि लहानपणापासून चित्रांची रोजनिशी ठेवणारे!

तिला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वही घेऊन बसवा. चणेवाली, पोर्क चोरीसची (गोव्याच्या सॉसेजची) माळ, भाव करणाऱ्या बायका. हलती माणसं पटापट काढता आली पाहिजेत, फोटो बघून हे येत नाही. मग एकच कथा घेऊन आठ-दहा पानं काढायची, पात्र प्रत्येक पानावर तेच दिसलं पाहिजे. प्रकाशक हेच बघतात. सुटी सुंदर चित्रं (आणि सगळे टाकतात ते चर्चचे दर्शनी भाग) फारशी उपयोगी नाहीत.

पैशांचं बोलणं आधी, लेखी. स्वामित्वहक्क (कॉपीराइट) लिहून देताना मुदत घालाच. भारतीय कायद्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, पण 'कायमस्वरूपी' लिहिलेल्या कागदावर सही केली की चित्र गेलं.