लोखंडाच्या खाणीतलं सोनं मातीमोल का घालवायचं?

गिरगावकर:
वडील झवेरी बाजारात कारागीर होते. कारखान्यातला केर, हात धुतलेलं पाणी, पायपुसणंसुद्धा केर धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकऱ्याकडे जायचं. धुतल्याशिवाय टाकायचं नाही, हा नियम. मग कोकण-गोव्याचं लोहखनिज सोन्यासाठी न तपासता बोटीत का भरायचं? अमेरिकेतली होमस्टेक खाण, कर्नाटकात हावेरीजवळचं गणजूर, दोन्हीकडे सोनं लोहयुक्त पट्टेदार खडकातच आहे. समजा टनामागे ०.१ ग्रॅम निघालं, तरी १० लाख टनांत १०० किलो होतं. दहा ग्रॅमच्या तोळ्याला लाख रुपये धरा, १०० कोटी झाले!

मुलुंडचे काका (निवृत्त भूशास्त्रज्ञ):
तुमचा ०.१ कुठून आला? पृथ्वीच्या कवचातली सोन्याची सरासरी टनाला ०.००४ ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे तुम्ही पंचवीसपट धरलंत. होमस्टेकला सोनं गंधकयुक्त खनिजांबरोबर, गरम द्रावांनी आणून बसवलं. प्रत्येक लोहखडकात ते घडलेलं नसतं. कारखान्याच्या केरात सोनं आहे हे झारेकऱ्याला आधीच ठाऊक असायचं.

खर्चाचंही बघा. आपल्याकडचं हेमेटाइट, म्हणजे लाल लोहखनिज, बहुतेक फोडून, चाळून, धुऊन विकलं जातं. सोनं सुटायला ते पिठासारखं दळावं लागेल. वाळूतून सोनं पाण्यावर वेगळं होतं, कारण वाळू हलकी. हेमेटाइट तिच्या दुप्पट जड, त्यातून बारीक सोनं सहज निवडता येत नाही. मग उरतं सायनाइड, सोनं विरघळवून काढणारं विषारी रसायन. २००० साली रुमानियात बाया मारेला असाच गाळाचा बांध फुटला आणि सायनाइडचं पाणी तिसा नदीत जाऊन मासे मेले, हे विसरू नका.

गिरगावकर:
काका, ताजं खनिज दळा असं मी म्हणतच नाही. धुऊन उरलेला गाळ आधीच बारीक आहे, त्याचं परीक्षण करा. आणि कायद्यानेही वाट दिली आहे: खनिज कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीनंतर खाणीच्या चालू भाडेपट्ट्यात सोनं समाविष्ट करायला जादा रक्कम लागत नाही. उपउत्पादन म्हणून काढलेल्या सोन्यावर ३.३ टक्के रॉयल्टी आहे, आणि तिच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, म्हणजे खाणबाधित गावांसाठीच्या निधीलाही, वाटा मिळतो. सोनं लोखंडात मिसळून गेलं, तर गावाला त्यातलं काहीच नाही.

परळची माहेरवाशीण:
दादा, माझं माहेर सिंधुदुर्गात, खाणीच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात लाल पाणी भाताच्या खाचरात शिरतं. वरचा थर घट्ट बसतो, रोपं पिवळी पडतात. तुम्ही ज्याला गाळ म्हणता तो आमच्या डोक्यावर बांधामागे अडवलेला आहे. तो पुन्हा उपसायचा, त्यात रसायन घालायचं, आणि वाटा यायची वाट आम्ही बघायची? विहिरीच्या पाण्याची तपासणी आम्ही आजवर मागतोच आहोत.

मुलुंडचे काका:
ताईंचा मुद्दा माझ्या गणिताहून मोठा आहे. गिरगावकर, तपासणी करायचीच असेल तर एका नमुन्यावर विसंबू नका. सोनं कणाकणानं विखुरलेलं असतं. एका मुठीत सापडतं, शेजारच्या दहा मुठी कोऱ्या निघतात. बांधाच्या वेगवेगळ्या खोलीवरून नमुने घ्या.

परळची माहेरवाशीण:
नमुने घ्यायला माझी ना नाही. त्याच वेळी पाराही तपासा, आर्सेनिकही तपासा, आणि आकडे आधी ग्रामसभेत वाचून दाखवा. सायनाइडला मात्र माझा नकार आजच लिहून ठेवा.