हाना सेनेश इंग्रजांच्या फौजेत होती, हे सांगलीच्या मुलांना कसं समजवावं?

कृष्णाकाठची बाई : मी सांगलीत नववीला इतिहास शिकवते. वक्तृत्व स्पर्धेसाठी माझ्या एका विद्यार्थिनीने हाना सेनेश निवडली आहे. बुडापेस्टची ज्यू मुलगी, जन्म १९२१. शाळेच्या वाङ्मय मंडळावर निवडून आली, पण ज्यू म्हणून पद नाकारलं. १९३९ मध्ये एकटी पॅलेस्टाईनला गेली, तिथल्या नहलाल गावी शेतकी शिकली, पुढे किबुत्झमध्ये, म्हणजे ज्यूंच्या सामूहिक शेतीवस्तीत, धुणी धुतली. १९४३ मध्ये ब्रिटिश फौजेत भरती. ७ नोव्हेंबर १९४४ ला बुडापेस्टमध्येच तिला गोळ्या घातल्या. वय २३.

सरावाच्या वेळी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, त्याच साली वसंतदादा इथला तुरुंग फोडून पळाले ना? मग इंग्रजांच्या फौजेतली मुलगी आपण का सांगायची?" २४ जुलै १९४३. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव त्या दिवशी मारले गेले. पोराचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला काय सांगू?

माजी सुभेदार, सातारा : नमस्कार बाई. माझे थोरले चुलते मराठा पलटणीतून इटलीत लढले आणि धाकटे रात्री शेतातनं प्रतिसरकारच्या माणसांना भाकरी पोचवायचे. घर एकच. आजीनं दोघांसाठीही नवस बोलला होता. आमच्या रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा ही पोरगी कैदेत होती. शत्रू तोच, जर्मन. त्या मुलाला म्हणावं, गणवेश कुणी शिवला हे बघ, पण तो घालून माणूस कुणासाठी गेला तेही बघ.

वाचनवेडा कराडकर : सुभेदारसाहेब, पटलं. एक भर घालतो. पॅलेस्टाईनमध्येही राज्य इंग्रजांचंच होतं. १९३९ च्या श्वेतपत्रिकेनं त्यांनी ज्यूंना पॅलेस्टाईनचं दार जवळपास बंद केलं. पाच वर्षांत ७५ हजार, बास. म्हणजे इंग्रजांचा जाच तिच्या लोकांनाही होताच. पण तिला हंगेरीतल्या ज्यूंच्या मदतीला जायचं होतं, आणि तिथं पोचवू शकणारं विमान इंग्रजांकडे होतं! मार्च १९४४ मध्ये ती शेजारच्या युगोस्लाव्हियात पॅराशूटनं उतरली आणि त्याच महिन्यात जर्मनांनी हंगेरी घेतली. मे ते जुलैत तिथून चार लाखांवर ज्यू रेल्वेनं नेले, बहुतेक आउशवित्झच्या मृत्यूछावणीत. हे सगळं चालू असताना, जूनमध्ये, ती सीमा ओलांडून गेली. हा भाग भाषणात घाईनं उरकू नका.

कृष्णाकाठची बाई : दोघांचेही मनापासून आभार. श्वेतपत्रिका मी घेतलीच नव्हती, उद्याच घालते. आईचा प्रसंग ठेवावा का? तिथे मुलीचा आवाज दाटून येतो.

वाचनवेडा कराडकर : ठेवाच. सीमेवर वायरलेससकट पकडली, मारहाण केली, तरी वायरलेसचे गुप्त संकेत सांगितले नाहीत. मग आई कातालिनला समोर आणलं. त्या माउलीला वाटत होतं, लेक दूर पॅलेस्टाईनला सुखरूप आहे. आईच्या जिवाची धमकी दिली, तरी हानानं तोंड उघडलं नाही. पुढे तुरुंगात कागदाची अक्षरं कापून खिडकीत धरायची, समोरच्या कोठड्यांतल्या कैद्यांना निरोप द्यायला. आई वाचली, हेही सांगा.

माजी सुभेदार, सातारा : आवाज दाटला तर दाटू द्या, फक्त तिथं हातवारे नकोत. आणि तो मागच्या बाकावरचा प्रश्न भाषणाच्या सुरुवातीलाच घ्या, त्या पोराला विचारून. स्पर्धा कुठं आहे ते कळवा, जमलं तर येतो.