कुलसंमेलनात जमणारे जुने फोटो आणि पत्रं ग्रंथालयाला द्यायची आहेत, तयारी कशी करावी?

पिंपळपान : संमेलन एका दिवसाचं, माणसं ८० च्या आसपास. पूर्वजांचे फोटो, पत्रं, वह्या घरोघरून येतील. त्याच दिवशी स्कॅन करून मूळ कागद ग्रंथालयाच्या अभिलेख विभागाला द्यायचा विचार आहे, सोबत वर्गणीतून काही रक्कमही. आधी काय ठरवावं?

जुनं दप्तर : आधी ग्रंथालयाशी बोला, निमंत्रणं मग. ते काय स्वीकारतात, जागा किती आहे, देणगीपत्राचा नमुना कसा आहे, हे लेखी घ्या. मालकी आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र तुमच्या कपाटात असलं तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. हयात माणसांबद्दलचा खाजगी मजकूर किती वर्षं बंद ठेवायचा, तेही देणगीपत्रात घाला. सामायिक कागदांवर एकाच भावंडाची सही घेतली तर पुढे वाद ठरलेलाच.

आणि बांधलेले गठ्ठे उघडून पत्रं तारखेनुसार लावत बसू नका. कोणती पत्रं एकत्र बांधली होती, हीसुद्धा माहितीच असते.

काचपट्टी : एका दिवसात सगळं स्कॅन होणार नाही. एका फोटोला ३ मिनिटं धरली तर एका स्कॅनरवर तासाला २०. म्हणून त्या दिवशी फक्त परत घरी जाणारे फोटो घ्या, बाकीचे नंतर. फोटो ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइल (तपशील न गमावता चित्र साठवणारा प्रकार). ४ बाय ६ इंची रंगीत फोटोची फाइल साधारण २६ एमबी होते, त्या हिशेबाने डिस्क आणा. पत्रांना ४०० डीपीआय पुरे. मागची बाजूही स्कॅन करा, तारीख आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच सापडतो. कागदांना सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको.

पिंपळपान : चिकट पानांच्या अल्बममधले फोटो सुटत नाहीत. ओढून काढावेत का?

काचपट्टी : नाही, फाटतील. पानासकटच स्कॅन करा. सोडवायचेच असतील तर न मेण लावलेला डेंटल फ्लॉस फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. जरा जरी अडला, तरी थांबा.

नावनिशी : माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम स्कॅनरपाशी नाही, वडीलधाऱ्यांच्या टेबलाशी होतं. समूहफोटोची मोठी प्रत काढा, वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याभोवती रेघ मारा, आत आकडा घाला आणि शेजारच्या तक्त्यात नाव, नातं, कोणी सांगितलं ते लिहा. नुसतं 'काकू' लिहू नका, पुढच्या पिढीला त्या कोणाच्या काकू ते कळणार नाही. दोघांनी वेगवेगळी नावं सांगितली तर दोन्ही नोंदवा. मूळ फोटोमागे लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कडेला, फोटो सपाट ठेवून. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूने उमटतो.

जुनं दप्तर : पैशांचं राहिलं. रक्कम मोघम देऊ नका. आम्लरहित (कागद लवकर खराब न करणारी) खोकी, फोल्डर आणि सूची करणाऱ्याचं मानधन असं नाव घालून द्या. सूची नसलेली खोकी वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात.