गरम झाला की चढावर दम टाकतो, हायड्रो गेला का?

प्रश्न (हिरवळवाला):
जुना राइडिंग मोव्हर (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) आहे, पेडलवाला हायड्रोस्टॅटिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकं फिरवणारं ट्रान्समिशन, थोडक्यात हायड्रो. थंड असताना छान पळतो. अर्धा तास गवत कापलं की चढावर रखडतो. इंजिनाचा आवाज तसाच, पातीही जोरात फिरतात, फक्त चाकं ओढत नाहीत. थंड झाला की परत ठीक. मेकॅनिक म्हणतो, ट्रान्समिशनच बदला. एवढ्यात बदलायचा का?

उत्तर (बेल्ट_आधी):
मागचा बायपास लिव्हर (उघडला की चाकं मोकळी होऊन मोव्हर ढकलता येतो तो) पूर्ण आत बसलाय का बघा. अर्धवट राहिला तरी ताकद जाते. पण मग थंडातही कमीच ओढेल.

उत्तर (जुनापाना):
थांबा, इतक्यात बदलू नका. इंजिनावर भार येत नाही म्हणजे एक तर बेल्ट घसरतोय, नाही तर पंपात आतल्या आत ऑइल गळतंय. आधी हे वेगळं करा. रखडला की इंजिन बंद करून किल्ली काढा आणि ट्रान्समिशनच्या पुलीजवळ वास घ्या (हात नको, भाजेल). रबर जळाल्यासारखा वास आला, बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत दिसल्या, तर बेल्ट आणि त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग बघा. मेकॅनिक लोक इथे बघतच नाहीत, थेट मोठं बिल सांगतात.

बेल्ट चांगला असेल तर मात्र तुमचं लक्षण हायड्रोचंच. थंड ऑइल घट्ट असतं, त्यामुळे झिजलेल्या पिस्टनच्या फटीतून कमी निसटतं. तापून पातळ झालं की दाब टिकत नाही. ट्रान्समिशनवरचा पंखा पाहिलात का?

हिरवळवाला:
बेल्ट ठीक आहे. पंख्याची दोन पाती तुटलीत आणि खालच्या फिन्समध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांमध्ये) गवताचा थर घट्ट बसलाय.

जुनापाना:
मग त्याला थंड व्हायला वाव कुठे होता! पंखा बदला, फिन्स साफ करा, ऑइल नवीन घाला. ग्रेड मॅन्युअलमधलीच, काहींना २०डब्ल्यू-५० लागतं, सगळ्यांना नाही. टफ टॉर्कच्या के४६ सारख्या युनिटला ड्रेन प्लग नसतो, खाली काढून उलटं करावं लागतं. जुनं ऑइल दुधट निघालं तर पाणी शिरलंय.

भरल्यावर हवा काढायला विसरू नका, नाही तर कण्हत राहील. पुढची चाकं अडवा, मागची उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर अजिबात नको. बायपास उघडा, इंजिन हळू चालू ठेवा, पेडल पुढे-मागे पाच-सहा वेळा सावकाश दाबा. मग इंजिन थांबवून बायपास बंद करा आणि पुन्हा तेच. शेवटी ऑइलची पातळी बघून भर घाला. सीटवर कुणी नसेल तर तिथला स्विच इंजिन बंद करतो, त्यामुळे वर कुणाला तरी बसावं लागेल, म्हणून स्टँड पक्के हवेत.

एवढं करूनही गरम झाल्यावर रखडला, तर झीज आतली आहे. जाड ऑइल घालून एखादा हंगाम निघतो, त्यापुढे मेकॅनिकचंच ऐकावं लागेल.