दोष कार्डात नसावा

आपले नवे ६४ जीबीचे मेमरी कार्ड लॅपटॉपवर नीट उघडते, मात्र २००५ सालच्या कॅमेऱ्यात ‘कार्ड एरर’ येते, यावरून कार्ड खराब नसून पिढीचा फरक आड येत असावा. या कार्डांच्या तीन पिढ्या अशा: साधे एसडी कार्ड साधारणतः २ जीबीपर्यंतचे, २००६ साली आलेले एसडीएचसी ३२ जीबीपर्यंतचे आणि २००९ साली जाहीर झालेले एसडीएक्ससी त्यापुढचे. तिन्हींचा आकार एकच असल्यामुळे कोणतेही कार्ड खाचेत बिनबोभाट बसते, आणि तिथेच फसगत होते. कारण जुन्या कॅमेऱ्याला मोठ्या कार्डावरील जागा मोजण्याची नवी पद्धत ठाऊकच नसते, त्यामुळे लॅपटॉपवर कितीही वेळा फॉरमॅट केले तरी उपयोग होत नाही. मला हे मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेल्या होडीत बसल्यावर कळले. पिशवीच्या तळाशी सापडलेले १ जीबीचे कार्ड घालताच कॅमेरा मुकाट्याने सुरू झाला.

आपण हर्णैला राहता, म्हणून आणखी एक सांगतो. खाऱ्या दमट हवेने कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर पुट चढते; ते कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसावे, फुंकर मात्र मारू नये, कारण तोंडाच्या वाफेने ओल वाढते. २ जीबीचे कार्ड मिळाल्यास ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.