मदत हवी आहे: मूलबाळ नाही म्हणून रजा नाही, एचआरशी बोलू कशी?

संत्रागोळी
सोमवारी एचआरसोबत मीटिंग आहे, त्यामुळे जरा लवकर सांगा. मुलं असणाऱ्यांना रजेत पहिला मान, असा काही नियम असतो का? मला सलग १२ दिवस हवे आहेत. शिल्लक रजा भरपूर आहे. मॅनेजर म्हणतो, "या वेळी ॲडजस्ट कर ना, तुझ्यामागे काय आहे?" हे आता दर वेळचं झालंय. टीममधली एक जण मॅटर्निटी लिव्हवर आहे, तिचं कामही माझ्याच गळ्यात. मॅटर्निटी लिव्ह असावी की नसावी यावर भाषण नको. ती असायलाच हवी. मीटिंगमध्ये काय बोलायचं तेवढं सांगा.

निवृत्त_बाबू
सरकारी की खाजगी, ते लिहिलेले नाही. राज्य शासनात महिलांना बालसंगोपन रजा एकूण १८० दिवस. केंद्रात ७३० दिवस, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. केंद्रात एकट्या पालक पुरुषालाही मिळते. सेवापुस्तकात नोंद झाली की नाही ते स्वतः जाऊन पाहावे.

संत्रागोळी
काका, मला मूल नाही. शीर्षकातच आहे.

निवृत्त_बाबू
मग अर्जित रजा. ती हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करणाऱ्याची मर्जी. आम्ही ३४ वर्षे हेच ऐकले.

मिहानची_मैना
खाजगीच असणार. ताई, एवढ्या माहितीवर कोण काय सांगणार? ऑफिसात माणसं किती? तुमचं पद काय? नकार तोंडी की मेलवर? रजा कुठल्या महिन्यात हवी आहे? आणि कशासाठी?

वऱ्हाडी_ठेचा
काऊन बाप्पा, सगळीकडे सारखंच चालू हाये! आमच्याइथं लग्न नाही झालं म्हणून दिवाळीत मी, होळीत मी, संक्रांतीत बी मीच. पोट्टेवाल्यायले पोट्ट्याची परीक्षा, पोट्ट्याचं गॅदरिंग, पोट्ट्याचं नाक वाहून राहिलं. अन् आमच्या मायचे गुडघे दुखून राहिले, त्याचं काय? ते कोणत्या रजेत बसते?

दोन_लेकरांची_आई
आलं, ठरलेलं आलं. मॅटर्निटी लिव्ह म्हणजे हवापालट वाटतो लोकांना. सिझरचे टाके, रात्री दर दोन तासांनी उठणं, त्यात नागपूरचा मे महिना आणि दुपारी लाइट गेलेले. परत आले तेव्हा माझे क्लायंट दुसऱ्याला देऊन झाले होते आणि त्या वर्षीचं इन्क्रिमेंटही गेलं. नाक वाहणाऱ्या पोराला घेऊन ऑफिसात येऊ का मग?

वऱ्हाडी_ठेचा
ताई, तुमाले कोण म्हणून राहिलं? मी माह्या मॅनेजरले म्हणून राहिलो.

दोन_लेकरांची_आई
नाव मॅनेजरचं घ्यायचं आणि उदाहरणं सगळी लेकरांची द्यायची. कळतं हो.

संत्रागोळी
खाजगी. नागपुरात, मिहानमध्ये. साधारण साठ माणसं. परदेशी क्लायंटचं मेडिकल बिलिंग करतो. नकार तोंडीच आहे. पद सीनियर एक्झिक्युटिव्ह, पण लीड मॅटर्निटीवर गेल्यापासून "ॲक्टिंग टीम लीड". पगार तोच. रजा पुढच्या महिन्यात हवी आहे. कशासाठी ते इथे महत्त्वाचं नाही.

मिहानची_मैना
महत्त्वाचं कसं नाही? आई आजारी असेल तर एक बोलणं, गोव्याला जायचं असेल तर दुसरं.

संत्रागोळी
माझ्या लीडला कोणी विचारलं नाही की मूल कशासाठी हवंय.

कोर्टाबाहेर
आता बोलता येईल. मॅटर्निटीचा कायदा मुळात १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांचे २६ झाले, पहिल्या दोन अपत्यांसाठी. पुढे १२ च. प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात. आता नवे लेबर कोड आले तरी आकडे हेच आहेत. त्या काळातला पगार कर्मचारी ईएसआयमध्ये (राज्य कामगार विम्यात) असेल तर ईएसआय देतं, पण ती मर्यादा महिना २१,००० ची. त्याच्या वर पगार असेल तर सगळा भार मालकावर. तुमच्या लीडचा पगार त्याच्या वरच असणार. म्हणजे कंपनी २६ आठवडे तिला पगार देते, बदली माणूस ठेवला तर त्यालाही द्यावा लागेल. तो खर्च वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे तुम्ही.
मूल नसलेल्यांसाठी वेगळी रजा कोणत्याच कायद्यात नाही. पण मुलं असणाऱ्यांनी आधी घ्यावी, असंही कुठे लिहिलेलं नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत. वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस भरपगारी रजा. ती ४५ पर्यंत साठवता येते. आणि वेळेत अर्ज करूनही मालकाने नाकारली, तर ४५ च्या वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. आता मेख कुठे आहे ते बघा. अर्ज लेखी नसेल तर नाकारला हे दाखवणार कसं? तुम्ही अजून तोंडीच मागताय.

सदरचा_साहेब
मी स्वतः चाळीस माणसांचं ऑफिस चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. २६ आठवड्यांसाठी माणूस आणायचा कुठून? आणला तरी शिकेपर्यंत दोन महिने गेले. शाळांना सुट्ट्या लागल्या की निम्मं ऑफिस रजा मागतं. पाळणाघर बंद असेल तर आईला खरंच पर्याय नसतो, एकट्या माणसाला असतो. यात भेदभाव नाही, व्यवहार आहे.

कोर्टाबाहेर
व्यवहार असेल तर त्याची किंमत मोजा ना साहेब. ॲक्टिंग लीडला ॲक्टिंग भत्ता द्या. आणि पाळणाघराचं म्हणाल तर ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय मालकानेच करायची आहे, आईला दिवसातून चार वेळा जाऊ द्यायचंय. संत्रागोळी, तुमच्याकडे साठ जण आहेत ना? आहे का पाळणाघर?

संत्रागोळी
एक खोली आहे. तिच्यात जुने मॉनिटर ठेवलेत.

सदरचा_साहेब
माझ्याकडे चाळीसच आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
अन् पन्नासावा घेनारच नाही साहेब, गॅरंटी!

अबोली_क
विषय थोडा वेगळा आहे, पण लिहिते. मी ना इकडची ना तिकडची. आमचं आयव्हीएफ चालू आहे. इंजेक्शनं, सोनोग्राफी, सगळं सकाळी आणि सगळं ऐन वेळी कळतं. त्यासाठी कोणतीच रजा नाही. मी रजेच्या अर्जावर दाढदुखी लिहिते. माझ्या दाढांची आता ऑफिसात चेष्टा होते. आणि मुलं असणाऱ्या मैत्रिणी शनिवारची शिफ्ट माझ्यावर टाकतात, "तू मोकळीच आहेस ना" म्हणून.

दोन_लेकरांची_आई
अबोली, धंतोलीत एक फार चांगले डॉक्टर आहेत, माझ्या जावेला गुण आला. व्यक्तिगत निरोप पाठवते.

अबोली_क
डॉक्टर आहेत हो ताई. रजा नाहीये.

हितचिंतक_५५
संत्रागोळी, राग मानू नका, मुलीसारख्या आहात म्हणून सांगतो. वय किती? वेळेत लग्न केलं की या सगळ्या कटकटी आपोआप मिटतात.

मिहानची_मैना
काका, धागा रजेचा आहे, स्थळांचा नाही.

पुणे_रिटर्न
माझा सल्ला: राजीनामा तयार ठेवा. मी पुण्यात असताना आमच्याकडे कारण विचारायची पद्धतच नव्हती. फक्त "रजा" लिहायचं. नागपुरात प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं माहिती हवं असतं.

वऱ्हाडी_ठेचा
मंग आला कायले परत?

पुणे_रिटर्न
आईवडील. आणि पोह्यावर तर्री.

संत्रागोळी
तर्रीवर घसरू नका प्लीज, सोमवार जवळ आलाय. एक सांगायचं राहिलं होतं. मॅनेजरची रजेची एक्सेल शीट आहे, सगळ्यांना दिसते. नाव, शिफ्ट, शिल्लक रजा आणि त्यापुढे एक कॉलम: "किड्स, वाय/एन". वाय असलेली नावं पिवळ्या रंगात. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या आधी पिवळ्यांनी भरायच्या, मग उरलेल्या आमच्यात वाटायच्या. क्लायंटकडे थँक्सगिव्हिंगला काम बंद असतं, ते दिवस हमखास "एन"वाल्यांना मिळतात. नोव्हेंबरच्या गुरुवारी नागपुरात बसून मी काय साजरं करू?

कोर्टाबाहेर
अहो, ही गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवी होती! आता तुम्हाला कायदा सांगायचीही गरज नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवा, पण मीटिंगमध्ये लगेच बाहेर काढू नका. आधी शांतपणे विचारा, "रजा कोणत्या निकषावर देता?" त्यांनी "कामाच्या गरजेनुसार" म्हटलं, की मग शीट.

दोन_लेकरांची_आई
हे मात्र चूक आहे. पिवळ्या रंगाची मलाही लाज वाटली असती. आणि खरं सांगते, उद्या माणसं कमी करायची वेळ आली की हीच यादी उलटी वाचली जाईल. "हिला मुलं आहेत, ही थांबणार नाही." त्या यादीत असणं आम्हालाही परवडणारं नाही.

सदरचा_साहेब
असा कॉलम मीही ठेवला नसता. डोक्यात ठेवला असता.

वऱ्हाडी_ठेचा
साहेब खरं बोलले! संत्रागोळीताई, पोळ्याच्या पाडव्याले मारबतीच्या मिरवणुकीत तुमच्या मॅनेजरचा पुतळा, बडग्या, काढू. हातात एक्सेल शीट, गळ्यात पिवळी माळ. ईडा पीडा, रजेचा नकार घेऊन जा गे मारबत!

निवृत्त_बाबू
मारबतीच्या दिवशी आमच्या कार्यालयास स्थानिक सुट्टी असे. खाजगीत देतात का?

मिहानची_मैना
क्लायंटला मारबत कशी समजावणार काका? ताई, तुम्ही कारण सांगा किंवा नका सांगू, पण १२ दिवस सलग का, हे एचआर विचारणारच. मधे दोन दिवस येऊन जा म्हणतील.

संत्रागोळी
बरं. विपश्यना. माहुरझरीच्या केंद्रात दहा दिवसांचं शिबिर आहे, आदल्या संध्याकाळी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका. मधे बाहेर येता येत नाही, बोलायचं नाही, फोन जमा करतात. म्हणून तर मॅनेजरला नकोय. त्याला रजेपेक्षा बंद फोन टोचतोय. आजवरच्या रजेत एक दिवस असा गेला नाही की "एक मिनिट बोलू का" म्हणून फोन आला नाही.

हितचिंतक_५५
एवढ्या लहान वयात विपश्यना? घरी सगळं ठीक आहे ना?

सदरचा_साहेब
हे ऐकून माझं मत पक्कं झालं. आजारपण असतं तर गोष्ट वेगळी. शिबिर त्याच्या पुढच्या महिन्यातही असतं.

अबोली_क
साहेब, तोवर तिची लीड परत येणार आहे का? तेव्हाही हेच ऐकायला मिळेल. तिने आईचं ऑपरेशन असं खोटं लिहिलं असतं तर तुम्ही लगेच सही केली असती. खरं लिहिणाऱ्यालाच शिक्षा. मला दाढदुखी का लिहावी लागते, ते कळलं का आता?

कोर्टाबाहेर
मेल असा पाठवा, आजच:
"मी अमुक ते अमुक तारखेपर्यंत अर्जित रजेसाठी अर्ज करत आहे. शिल्लक रजा पुरेशी आहे. या काळात मी फोनवर उपलब्ध नसेन. प्रलंबित डिनायल्सची (नाकारलेल्या बिलांची) यादी व त्या कोणाकडे सोपवायच्या याचा प्रस्ताव सोबत जोडला आहे. रजा मंजूर करता येत नसल्यास कारण व पर्यायी तारखा लेखी कळवाव्यात."
विपश्यना हा शब्द घालू नका, लीडचं नाव काढू नका, मुलांचा उल्लेखही नको. "माझ्यावर अन्याय" वगैरे अजिबात नको. एचआरला सीसी.
ॲक्टिंग भत्त्याचा मेल वेगळा, आठवडाभराने. दोन्ही एकत्र मागितलंत तर एक देऊन दुसरं गिळतील. आणि "टीम लीड" पदावर लेखी सही करण्याआधी थांबा. पर्यवेक्षकाच्या पदावरची माणसं दुकाने कायद्याच्या बाहेर जातात, मग दुप्पट दराचा ओव्हरटाइमही गेला. नुसत्या पदनावाने ते ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात. तरी आपण होऊन त्यांचं काम सोपं कशाला करायचं?

पुणे_रिटर्न
यापेक्षा राजीनामा सोपा.

संत्रागोळी
मेल पाठवला. धन्यवाद. तासाभरात मॅनेजर डेस्कवर आला, "मेल कशाला, बोलायचं ना." मी म्हटलं, बोललेच होते.

संत्रागोळी
मीटिंग झाली. एचआरने आधी तेच विचारलं, "काही फॅमिली इमर्जन्सी?" मी नाही म्हटलं आणि गप्प बसले. मग निकष विचारला. "कामाच्या गरजेनुसार." मग शीट. मॅनेजर म्हणाला, तो कॉलम ॲन्युअल डेच्या गिफ्टसाठी आहे. एचआरची मॅडम स्वतः दोन मुलांची आई, तिने त्याच्याकडे असं बघितलं की मलाच अवघडल्यासारखं झालं. रजा मंजूर, मेलवर. मधल्या शनिवारी फोन चालू ठेवता येईल का विचारत होते, नाही म्हटलं. पाळणाघराच्या खोलीचं मी विचारलं नाही, ते लीड आल्यावर दोघी मिळून विचारू. कॉलम काढतो म्हणालेत. आज उघडून पाहिलं तर नुसता लपवलाय, अनहाइड केलं की पिवळे सगळे जागच्या जागी.

दोन_लेकरांची_आई
तो स्क्रीनशॉट जपून ठेव. तुझ्या लीडलाही पाठव.

निवृत्त_बाबू
रजेवरून आल्यावर रुजू अहवाल देणे विसरू नये.

बाप_होणार
या धाग्यावर विचारलं तर चालेल का? बायकोची तारीख पुढच्या महिन्यात आहे, मी बुटीबोरीत खाजगी कंपनीत आहे. वडिलांना किती रजा मिळते? एचआर म्हणतं, तीन दिवस.

कोर्टाबाहेर
खाजगीत बापासाठी कायद्याने काहीच नाही, कंपनीच्या पॉलिसीत असेल तेवढंच. १५ दिवस केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना. पॉलिसीची प्रत मागा, मेलवर. आणि वेगळा धागा काढा, इथे हितचिंतक काका बारशाला नावं सुचवायला लागतील.